आधी गाडी सांग

संग्रामनं तात्यांच्या बुलेटमध्ये तेल ओतलं ते प्रेमापोटी, आणि म्हणूनच जरा जास्त ओतलं गेलं.

गाडी १९८४ ची. साडेतीनशे सीसी, बिडाचं सिलिंडर, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. तात्या साखर कारखान्यात नोकरीला असताना रोज तिच्यावरून जायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किक मारणं बंद झालं आणि दोन वर्षं बुलेट कोल्हापुरातल्या घराच्या सोप्यात उभी राहिली. संग्राम तात्यांचा पुतण्या, पुण्यात हिंजवडीला कामाला. दिवाळीला आला, गाडीवरची धूळ पुसली आणि म्हणाला, "तात्या, हिला परत रस्त्यावर आणतो."

तेलाच्या टाकीचं झाकण उघडून त्यानं दांडी बघितली. टोकाला नुसता काळा ओलसरपणा. त्याच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला डबा डिकीत होता: पाच-डब्ल्यू-तीस, फुल सिंथेटिक, किंमत ऐकली तर तात्यांना घाम फुटला असता. दांडीच्या खुणेपर्यंत तेल यायला दीड लिटर लागलं. सातव्या-आठव्या किकला बुलेट उठली आणि पाचच मिनिटांत पांढऱ्या-निळ्या धुरानं अख्खी गल्ली भरली. ब्रीदरच्या नळीतून तेल उडून मागच्या टायरवर आलं.

गल्लीत निदान करणाऱ्यांना तोटा नसतो. तात्या म्हणाले, "पाण्यासारखं तेल घातल्यावर दुसरं काय व्हणार? हिला सिंगल ग्रेड चाळीसच लागतंय. मी जन्मभर तेच घातलं." शेजारचा प्रकाश स्वतः बुलेटवाला. त्याची २०१२ ची. त्याचं म्हणणं, बुलेट ती बुलेट, कंपनीनं पुस्तकात पंधरा-डब्ल्यू-पन्नास सेमी-सिंथेटिक लिहिलंय, तेच घाला. संग्रामला तात्यांचं पटलं. निदान आपलंच चुकलं एवढं तरी पटलं. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा दांडी पुन्हा कोरडी. सगळं तेल जळून गेलं असं समजून त्यानं चाळीस नंबरचं एक लिटर आणून ओतलं. या वेळी धूर दुप्पट.

त्याच्या पुढच्या सुट्टीला गाडी छोट्या टेम्पोत चढवून शिवाजी उद्यमनगरात आणली. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लेथ, फौंड्री आणि वाद घालणारी माणसं यांची एकत्र वस्ती. तिथं अप्पा मिस्त्रींचं दुकान. सोबत तात्या रिक्षातून आले, प्रकाश आपल्या बुलेटवरून आला आणि तिघांनी एकदमच विचारलं की हिला तेल कुठलं चांगलं.

अप्पांनी उत्तर दिलं नाही. "चालू करू नका," एवढंच म्हणाले. गाडीखाली रिकामी कढई सरकवली, एक लिटरचं माप जवळ ठेवलं आणि तेलाच्या टाकीच्या नटाला हात न लावता क्रँककेसच्या तळाचा नट सोडला.

तेल यायला लागलं. थांबेचना. माप भरलं, कढईत उपडं केलं, पुन्हा भरलं, पुन्हा. तळातून येऊन झाल्यावर टाकीचा नट सोडला, त्यातून थोडंसंच आलं. सगळं मिळून सव्वातीन लिटरच्या वर गेलं. या इंजिनात मावतं सव्वादोन लिटरच्या आसपास.

"तेल जळलं नव्हतं व्हय?" संग्रामनं विचारलं.

"जळायला ते गेलंच कुठं? खाली बसलं हुतं."

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तळाच्या या नटावर उभी आहे. आपल्या रोजच्या मोटारसायकलीत तेल इंजिनाच्या तळालाच असतं. जुन्या बुलेटची तऱ्हा वेगळी. तिची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात, पण वेगळ्या कप्प्यात. एक पंप टाकीतून तेल ओढून क्रँकला देतो आणि वरच्या रॉकरपर्यंत पोचवतो. दुसरा खाली साठलेलं तेल उचलून परत टाकीत टाकतो. गाडी चालू असते तोवर हिशेब जुळतो. पंप झिजला आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, की टाकीतलं तेल झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. दांडी टाकीत बुडते, तळात नाही. म्हणून ती कोरडी दिसते. त्यावर वरून आणखी ओतलं, की चालू केल्याबरोबर पंप खालचं सगळं उचलून आधीच भरलेल्या टाकीत ढकलतो, आणि जागा न मिळालेलं तेल ब्रीदरमधून बाहेर येतं, पिस्टनच्या कडेनं वर चढून जळतं. या गाडीचं तेल बघायचं ते चालवून, चार मिनिटं फिरू देऊन, मग.

अप्पांनी कढईतलं तेल बोटांवर चोळून बघितलं. "तात्यांचं जुनं चाळीस, तुझं कारचं तीस, वर परत चाळीस. आत आघाडी सरकार केलंस की लेका."

प्रकाश हसला. तात्या हसले नाहीत. त्यांना एवढंच ऐकायचं होतं की त्यांचं चाळीस बरोबर होतं.

"मग चाळीसच घालायचं नव्हं, अप्पा?"

"तात्या, तुम्ही चाळीस का घालत हुता?"

"तवा तेच मिळायचं."

"आता दुसरं मिळतंय."

तात्यांना ते लागलं, हे दिसत होतं. पण अप्पांनी सोडलं नाही. सिंगल ग्रेडचं चाळीस सकाळच्या गारव्यात घट्ट असतं, किक मारल्यावर वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि इंजिनाची निम्मी झीज त्या पहिल्या मिनिटात होते असं अप्पांचं ठाम मत. (निम्मी हा आकडा त्यांचा, पण थंड इंजिनाला झीज जास्त, ही गोष्ट खरी.) वीस-डब्ल्यू-पन्नास गार असताना वीस नंबरसारखं वाहतं आणि तापल्यावर पन्नास नंबरचा दाटपणा धरतं. हवेनं गार होणारं बिडाचं सिलिंडर, त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन, दोघांच्या फुगण्यात फरक म्हणून मुळातच सोडलेली फट, वर चाळीस वर्षांची झीज. या फटीत तापलेलं तीस नंबरचं तेल टिकणं अवघड.

"आणि ते पाच-डब्ल्यू?" संग्राम म्हणाला. "थंडीत चांगलं म्हणतात."

"पन्हाळ्यावर कधी बर्फ पडलाय?"

कारच्या तेलाबद्दलचं अप्पांचं पुढचं बोलणं मात्र थट्टेचं नव्हतं. बुलेटच्या कॅमवर टॅपेट घासत चालतात. त्या घासणीत धातूला वाचवायला तेलात जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात. कारच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम श्रेणीपासून पाच-डब्ल्यू-तीससारख्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवायचा असं ठरलं. कारसाठी ते शहाणपणाचंच. १९८४ च्या बुलेटला कन्व्हर्टरच नाही, तर तिनं ते पथ्य कुणासाठी पाळायचं? तेल वाईट नव्हतं. ते दुसऱ्या घरचं होतं.

एव्हाना प्रकाशला जोर आला होता. त्याचं पंधरा-डब्ल्यू-पन्नास अजून कुणी खोडलं नव्हतं. अप्पांनी त्याला दोन्ही बुलेट शेजारी लावायला सांगितल्या. नाव तेच, टाकीवरची सोनेरी रेघ तीच. पण प्रकाशच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच पोटात, एकाच तेलात. तात्यांच्या गाडीत तीन घरं: इंजिनाचं वेगळं, प्रायमरी चेन आणि क्लचचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. प्रकाशच्या गाडीत घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं कारचं तेल पडलं, तर क्लचच्या प्लेटा सटकायला लागतील. इंजिन ओरडेल, गाडी हलणार नाही. म्हणून तर जपान्यांनी १९९८ पासून मोटारसायकलच्या तेलाला जासो एमए हा वेगळा शिक्का आणला. तात्यांच्या इंजिनाला त्या शिक्क्याचं काही देणंघेणं नाही, गाडीच्या क्लचच्या घराला आहे.

"म्हणजे माझं तेल हिला चालंल की न्हाई?" प्रकाशनं विचारलं.

"चालंल. पण तू म्हणतोस म्हणून न्हाई."

एवढं बोलून झाल्यावर अप्पांनी टायमिंग कव्हरवरची फिल्टरची टोपी उघडली आणि आतला फेल्ट बाहेर काढला. तो मूळ कुठल्या रंगाचा होता, ते ओळखता येत नव्हतं. डांबरासारखा गाळ त्यातून ओघळत होता. तीन माणसं दीड महिना तेलाच्या नंबरावरून भांडत होती आणि या चिंधीकडं कुणी बघितलं नव्हतं. तात्यांनीही, जन्मभर चाळीस घालून, शेवटचा फेल्ट कधी बदलला ते आठवत नाही असं कबूल केलं.

नवा फेल्ट बसला. वीस-डब्ल्यू-पन्नास, साधं मिनरल, मागं एमए लिहिलेलं, दोन लिटर आत गेलं. त्यातलंच अर्ध्या लिटरला थोडं कमी क्लचच्या घराला. हे तेल पाचशे किलोमीटरला काढायचं, असं अप्पांनी संग्रामला तीनदा बजावलं. नव्या तेलातली साफ करणारी द्रव्यं जुना गाळ सोडवत जातात, तो आत फिरत ठेवायचा नसतो. बिलात तेलापेक्षा मजुरी जास्त होती. संग्रामनं ते दोनदा वाचलं, पण बोलला नाही.

जाताना त्यानं कारच्या तेलाचा उरलेला डबा उचलला. "वाईट न्हाई म्हणताय तर आईच्या स्प्लेंडरला घालतो हे."

अप्पा हातातला पाना टाकून उठले. "स्प्लेंडरचा क्लच कुठल्या तेलात असतोय?"

संग्राम थोडा वेळ उभा राहिला. "त्याच," म्हणाला आणि डबा परत डिकीत ठेवला, पुण्याच्या कारसाठी.

पंपाचं काम पुढच्या महिन्यावर टाकलं. तोवर गाडी उभी ठेवायची नाही, आणि बरेच दिवस उभी राहिलीच तर आधी तळाचा नट सोडून उतरलेलं तेल मापात काढायचं आणि तेच वरून टाकीत ओतायचं, हे ठरलं. प्रश्न किक मारण्याचा राहिला. तात्यांना जमणार नाही, संग्राम पुण्यात.

"दर रविवारी मी मारतो की," प्रकाश म्हणाला. "पण जोतिबापर्यंत जाऊन येणार. नुसती जागेवर फुरफुर करण्यात काय अर्थ न्हाई."

तात्यांनी किल्ली लगेच दिली नाही. "पेट्रोल तुझं," म्हणाले. "आणि जोतिबाच्या घाटात ब्रेक डाव्या पायाला हाय, तुझ्या गाडीसारखा उजव्याला न्हाई. आधी गल्लीत दहा फेऱ्या मार."