घराचं नेट, खिशातलं नेट

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्याच्या आष्टी तालुक्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडपी संसार ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही घरांत शाळेत जाणारी पोरं. त्याच दिवशी त्या घरातलं इंटरनेटही जातं, कारण ते बापाच्या खिशात असतं.

इंटरनेटचा इतिहास आपण वेगाच्या आकड्यांत सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सेवा सुरू केली, तेव्हा ९.६ केबीपीएसचं कोण कौतुक होतं. २००४च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड ठरवलं. २०२३मध्ये ही किमान अट २ एमबीपीएसवर गेली. मला मात्र वेगापेक्षा ताबा महत्त्वाचा वाटतो. नेट घरातल्या कोणाच्या हातात आहे?

लँडलाइन घराची होती. डायल-अपवर कोणी बसलं की फोन अडकायचा, आणि ते सगळ्या घराला कळायचं. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचा ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा. म्हणून लोडशेडिंगमध्ये गाव अंधारात असलं तरी साधा रिसीव्हर उचलला की टोन ऐकू यायचा. आष्टीसारख्या भागात हे सुख थोड्याच घरांना मिळालं. बाकीच्यांसाठी दहावी-बारावीचा निकाल म्हणजे नेट कॅफेतली गर्दी.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि अनेक घरं लँडलाइन न पाहताच थेट मोबाइलवर गेली. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. सातबारा फोनवर दिसू लागला. २०२१पासून ई-पीक पाहणी शेताच्या बांधावरून होऊ लागली. उसाच्या फडावरच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, आई व्हिडिओ कॉल करते आणि गावातल्या लेकराचा चेहरा बघते. हंगामभर दुरावलेल्या घराला हा आधार फार मोठा आहे.

पण खिशातलं नेट एकाचंच असतं. २०२०च्या टाळेबंदीत शाळा व्हॉट्सॲपवर आली तेव्हा एका फोनवर तीन भावंडांची वाटणी करावी लागली, आणि त्या वाटणीत पोरीची पाळी शेवटी. म्हाताऱ्यांचे हाल आणखी वेगळे. निराधार योजनेच्या कामासाठी आजी सेवा केंद्रात अंगठा द्यायला बसते. केंद्रचालक ओटीपी मागतो. नोंदवलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा उसाच्या फडात मोळ्या बांधतोय. फोन कोपीत चार्जिंगला. तो संध्याकाळी परत येईपर्यंत केंद्र बंद झालेलं असतं. आजीने पुन्हा उद्या यायचं, एसटीचं तिकीट काढून.

नगर-आष्टी प्रवासी रेल्वे सुरू झाली तो दिवस, २३ सप्टेंबर २०२२, इथल्या लोकांच्या लक्षात आहे. पुन्हा घराचं नेट देणारं फायबर मात्र गुपचूप आलं. बऱ्याच ठिकाणी पूर्वी टीव्हीची केबल ओढणाराच आता फायबर ओढतो. राउटरवर लाल लाइट लागला की समजायचं, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली. आणि वीज गेली की राउटर बंद, कारण काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. तांब्याची ती एक सोय नव्या तंत्राने काढून घेतली. मराठवाड्यात तरी राउटरसोबत छोटी बॅटरी चैनीची नाही, गरजेची वस्तू आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने गावोगावी फायबर नेणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले; ग्रामीण घरांत दीड कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट ठेवलं. ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या नेटच्या खोक्यापेक्षा हे उद्दिष्ट मला जवळचं वाटतं. अडचण आहे ती बिलाची. दरमहा पैसे भरायचे ही पगारदाराची सवय. ऊसतोड घरात पैसा उचलीच्या रूपाने एकदम येतो आणि लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात तसाच एकदम संपतो. तिसऱ्या महिन्यात रिचार्ज थकलं की जोडणी बंद, नेमकी पोरांच्या परीक्षेच्या तोंडावर. म्हणून उचलीच्या वेळी एकरकमी भरता येईल असा, ऑक्टोबर ते एप्रिलचा स्वस्त हंगामी प्लॅन हवा. जोडणी गावात राहणाऱ्या आजीच्या नावावर हवी, आणि सोबत तिच्या स्वतःच्या नंबरचा एक साधा फोन, ओटीपी तिच्याच हातात पडावा म्हणून.