चेहऱ्यावरचे ऊन आणि आतले दुखणे

चेहरा पाहून आयुष्याचा अंदाज बांधता येतो, या समजुतीला डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाने बळ दिले. तिथे २००१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या १८२६ जुळ्यांची छायाचित्रे परिचारिकांना आणि इतरांना दाखवून वय ओळखायला सांगितले. २००८ च्या आरंभापर्यंत त्यांतले ६७५ जण वारले. खरे वय हिशेबात धरूनही, वयस्कर दिसणारे लवकर गेले होते. जोडीतल्या दोघांच्या दिसण्यात जितका फरक, तितकी वयस्कर दिसणारे भावंड आधी जाण्याची शक्यता जास्त. हा निष्कर्ष मी गंभीरपणे घेतो. पण तो छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज बाजारात जसाच्या तसा लागू करू नये. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या परिसरात मे महिन्यातही दिवसभर हातगाडीजवळ उभे राहणाऱ्यांच्या त्वचेतले कोलेजन ऊन झिजवते. सावळ्या कातडीत मेलॅनिनमुळे सुरकुत्या उशिरा येतात, काळे डाग मात्र आधी उमटतात. असा डागाळलेला चेहरा कामाच्या जागेविषयी पुष्कळ सांगतो, मूत्रपिंडाविषयी किंवा हृदयाविषयी फार थोडे. 'फेसएज' हे छायाचित्रावरून वय ताडणारे, २०२५ मध्ये जाहीर झालेले संगणकीय तंत्र मुख्यतः प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांवर शिकवलेले आहे. रस्त्यावर राबणाऱ्यांचे वय त्याला नीट वाचता येईल, असे गृहीत धरणे चूक ठरेल.

यावर कोणी म्हणेल, उन्हात राबणाऱ्यालाच विश्रांती कमी, औषधपाणी उशिरा आणि तंबाखू जवळ. मग चेहऱ्यावरून केलेला अंदाज बरोबरच ठरेल. समूहापुरते ते खरे आहे. मात्र त्यातून उपाय चुकीचा निघतो, कारण क्रीम लावून डाग फिके झाले तरी आयुष्य वाढत नाही. गाडीवरचे छप्पर आणि हाताशी असलेले पिण्याचे पाणी त्वचेबरोबर शरीरालाही वाचवतात, म्हणून महापालिकेने खर्च तिथे करावा.

चेहऱ्यावरची एक खूण मात्र दुर्लक्षू नये, ती म्हणजे गुटखा-सुपारीने आवळलेले गाल. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी असूनही तो खाल्ला जातो. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते, घास घेताना तिखट झोंबते. काहींना पुढे कर्करोग होतो. हे दुखणे वयाचे नाही, आणि लवकर सापडले तर माणूस वाचवता येतो. तोंडात तीन बोटे उभी मावतात का, एवढी पहिली तपासणी आरोग्यसेवकाला हातगाडीपाशीच करता येते. मावत नसतील तर त्या विक्रेत्याला त्याच आठवड्यात घाटी रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात पाठवावे.