सोने गिळणारा कार्बन

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात कार्लिनजवळ 1961 मध्ये सोन्याचा साठा सापडला आणि 1965 मध्ये तिथे खाण सुरू झाली. हे सोने इतके सूक्ष्म की डोळ्यांना दिसतही नाही. ते मिळवण्याची रीत मात्र 1887 पासून ठाऊक होती: खडक दळायचा, सायनाइडच्या सौम्य द्रावणात सोने विरघळवायचे आणि द्रावणातून ते वेगळे करायचे. कार्लिनच्या काळ्या खडकापुढे ही रीत थिटी पडली. त्यातला सेंद्रिय कार्बन विरघळलेले सोने स्वतःकडे ओढून घेई आणि टाकाऊ गाळाबरोबर ते वाहून जाई.

हीच ओढ अन्यत्र कामाला लावली गेली. दक्षिण डकोटातील होमस्टेक खाणीत 1973 पासून सक्रिय कार्बनने मोठ्या प्रमाणावर सोने टिपले जाऊ लागले. हा कार्बन आज बहुधा नारळाच्या करवंटीपासून बनतो. त्याचे जाड दाणे चाळणीवर अडतात आणि गरम अल्कली द्रावणात सोने सोडतात. खडकातला कार्बन इतका बारीक, की तो गाळातून वेचताच येत नाही. म्हणजे गुण एकच. घेतलेले परत मिळण्याची सोय आहे की नाही, एवढ्यावरच त्याला उपकारक किंवा घातक ठरवले जाते.

म्हणूनच या खडकावरचे उपाय मला विचार करायला लावतात. 1971 मध्ये कार्लिनला क्लोरीन वापरून कार्बनची ओढ मारण्यात आली. पुढे खडक भाजण्याच्या भट्ट्या आल्या. भाजताना खडकातला पारा वाफ होऊन सुटतो, त्यालाही पकडावे लागते. दुसरा उपाय स्पर्धेचा: सोने विरघळत असतानाच टाकीत सक्रिय कार्बन घालायचा, म्हणजे खडकातल्या कार्बनआधी तोच सोने घेतो. नेव्हाडातल्याच गोल्डस्ट्राइक खाणीने 2014-15 च्या सुमारास सायनाइड सोडून थायोसल्फेट वापरले. त्यात विरघळलेल्या सोन्याकडे कार्बन फारसा ओढला जात नाही. त्याआधी खडकावर उष्णता आणि दाबाची प्रक्रिया करणे तिथेही टळले नाही. पण कार्बनशी झगडण्याऐवजी आपले द्रावण बदलण्याचा विचार मला अधिक प्रगल्भ वाटतो.

थायोसल्फेटच्या या रीतीने वर्षानुवर्षे साठवलेला खडकही उपयोगी आणला. त्या वेळी उपाय हाती नसूनही कोणीतरी तो कचऱ्यात न मिसळता वेगळा रचून ठेवला होता. आज जमत नाही आणि कधीच जमणार नाही, यांतला फरक ओळखणे हेही विज्ञानच आहे.