ज्ञानाची गादी

जो सर्वांत ज्ञानी आणि सर्वांत न्यायी असेल त्यानें राज्य करावें, हा विचार ऐकावयास मोठा गोड आहे. प्लेटोपासून तो अनेकांस भुलवीत आला आहे. परंतु ज्ञानी पुरुषही एके दिवशीं मरतो. मग त्याच्या जागीं कोणास बसवावयाचें, आणि तो खरोखर ज्ञानी व न्यायी आहे हें ठरवावयाचें कोणीं? ग्रंथांत हा प्रश्न चार ओळींत उरकतां येतो. इराणनें तो प्रत्यक्ष राज्यकारभारांत सोडवून पाहिला. म्हणूनच त्या देशाचा १९८९ सालचा अनुभव, आपणांस त्या धर्माशीं कर्तव्य असो वा नसो, विचार करण्याजोगा आहे.

इराणांतील बहुसंख्य शियांची श्रद्धा अशी कीं, पैगंबरांच्या वंशांतील बारावा इमाम नवव्या शतकांत दृष्टिआड झाला. खरी सत्ता त्याची, आणि तो परत येईपर्यंत धर्माचा अर्थ सांगण्याचें काम शास्त्रज्ञ आचार्यांचें. या आचार्यांत जो श्रेष्ठ, ज्याच्या निर्णयाप्रमाणें सामान्य श्रद्धाळूनें वागावें, त्यास ‘मर्जा’ म्हणतात. या पदाची मौज अशी कीं, तें कोणी कोणास देत नाहीं. त्याला गादी नाहीं, निवडणूक नाहीं, वारसही नाहीं. एखाद्याच्या अध्यापनाची कीर्ति पसरते, शिष्य गांवोगांव जातात, त्याचा निर्णयग्रंथ लोकांच्या हातीं येतो, व्यापारी व शेतकरी आपलें धर्मदेय त्याच्याकडे पाठवूं लागतात, आणि कांहीं वर्षांनीं तो मर्जा झालेला असतो. असे अनेक मर्जा एकाच काळीं असूं शकतात. १९६१ सालीं कुम येथें आयातुल्ला बुरूजेर्दी वारले, तेव्हां इराणच्या शहानें शोकाची तार नजफच्या आयातुल्ला हकीम यांना पाठविली. ही धर्मश्रेष्ठता आपल्या सरहद्दीबाहेर गेलेली बरी, असा तिचा अर्थ लावण्यांत आला. परंतु राजाच्या तारेनें प्रश्न मिटला नाहीं. लोक आपापल्या मनाप्रमाणें निरनिराळ्या आचार्यांकडे वळले. एक जागा रिकामी राहिली म्हणून कोणाचेंही कांहीं अडलें नाहीं.

राज्याचें मात्र अडतें. राज्याला शिक्का मारणारा हात एकच लागतो, आणि तो उद्यां सकाळीं लागतो. आयातुल्ला खोमेनी यांनीं १९७० मध्यें नजफ येथें दिलेल्या व्याख्यानांत, इमामाच्या अभावीं राज्य चालविण्याचा अधिकारही फकीहाचा म्हणजे धर्मशास्त्रज्ञाचा आहे, असा सिद्धान्त मांडला. १९७९ च्या क्रान्तीनंतर तो घटनेंत उतरला. सर्वोच्च नेता मर्जा असावा व बहुसंख्य लोकांनीं त्यास मानलेलें असावें. असा एकमान्य पुरुष नसेल, तर लोकांनीं निवडलेल्या तज्ज्ञमंडळानें एक मर्जा अथवा तीन किंवा पांच मर्जांचें मंडळ नेमावें, असें त्या घटनेचें म्हणणें होतें. खोमेनी हयात होते तोंवर यांत कांहीं विसंगति दिसली नाहीं. विद्या, लोकांची भक्ति आणि सत्ता हीं तिन्ही त्यांच्या ठायीं एकत्र आलीं होतीं.

वारसाची सोयही झाली होती. आयातुल्ला हुसेन अली मुंतझरी हे खोमेनींचे जुने शिष्य. घटना तयार करणाऱ्या सभेचे ते अध्यक्ष होते आणि फकीहाच्या सत्तेचें कलम घटनेंत येण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. १९८५ मध्यें तज्ज्ञमंडळानें त्यांस भावी नेता म्हणून ठरविलें. १९८८ च्या उन्हाळ्यांत मुजाहिदीन-ए-खल्क या सशस्त्र विरोधी पक्षानें इराकांतून इराणवर चाल केली, आणि त्या सुमारास तुरुंगांत असलेल्या हजारों राजकीय कैद्यांना फांशी देण्यांत आलें. त्यांपैकीं पुष्कळजण आधींच शिक्षा भोगीत होते. मुंतझरींनीं खोमेनींस निषेधाचीं पत्रें लिहिलीं. ऑगस्टमध्यें त्यांनीं हे निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांना समोर बसवून, हा या राज्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठा गुन्हा आहे, असें सुनावलें. त्या भेटीचें ध्वनिमुद्रण २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें. मार्च १९८९ अखेर मुंतझरींस वारसपद सोडावें लागलें.

नेता विद्वान हवा तसा न्यायीही हवा, ही या घटनेची अट. बाकीच्यांच्या न्यायीपणाविषयीं तर्कच करावा लागला असता. एका माणसानें मात्र आपली न्यायबुद्धि सर्वोच्च पद हातीं येण्याच्या बेतांत असतां, आणि तें जाईल हें दिसत असतां, कृतीनें दाखविली; आणि तेवढ्यानेंच तो अपात्र ठरला. त्यांचे विरोधक म्हणत कीं, ते भोळे आहेत, त्यांच्या भोंवतालचीं माणसें बरी नाहींत. असेलही. पण भोळेपणाचा शोध लागण्यास जो मुहूर्त साधला गेला, तो आम्हांस फार बोलका वाटतो.

आतां अडचण अशी उभी राहिली कीं, उरलेले थोर मर्जा बहुधा वृद्ध होते आणि राज्यकर्त्यांच्या विचाराचे नव्हते. तेव्हां नेता मर्जाच असला पाहिजे असें नाहीं, असें खोमेनींनीं एप्रिलमध्यें घटनादुरुस्ती-समितीला कळविलें. ३ जूनला ते वारले. दुसऱ्याच दिवशीं तज्ज्ञमंडळ जमलें. मंडळात्मक नेतृत्वाची सूचना मागें पडली, आणि राष्ट्राध्यक्ष अली खामेनेई यांचें नांव पुढें आलें. ते मर्जा नव्हते. दुरुस्त घटनेवर लोकमत २८ जुलैला घेतलें गेलें. म्हणजे ४ जूनला जुनी अट कायद्यानें जिवंत होती. त्या सभेचें चित्रमुद्रण २०१८ मध्यें बाहेर आलें. त्यांत खामेनेई स्वतःच आपल्या निवडीस हरकत घेतांना व आपला शब्द अनेकांना धर्मतः बंधनकारक वाटणार नाहीं असें सांगतांना दिसतात. निवड तात्पुरती म्हणून झाली. उपस्थित ७४ पैकीं ६० जणांनीं अनुकूल मत दिलें. खोमेनींच्या अंत्यसंस्काराची प्रार्थना मात्र गुलपायगानी या ज्येष्ठ मर्जांनीं सांगितली.

या निर्णयाच्या बाजूनेंही बोलण्याजोगें आहे. ग्रंथांत जन्म घालविलेल्या नव्वदीच्या आचार्यास युद्धानें खचलेला देश चालवितां येईलच असें नाहीं. व्यवहार जाणणारा, पन्नाशीच्या सुमाराचा कारभारी अशा वेळीं अधिक उपयोगी. हें आम्हांसही पटतें. पण तें पटतांच मूळ सिद्धान्ताचा पाया सरकतो. शास्त्रांतील श्रेष्ठता हाच जर राज्य करण्याचा अधिकार, तर ती उणी असलेला पुरुष त्या जागीं कसा? आणि कारभाराचें चातुर्यच मुख्य असेल, तर तें काय पगडी घालणारांच्याच ठायीं वसतें? मग साऱ्या नागरिकांतून माणूस निवडावयास हरकत कोणती? दुरुस्त घटनेनें नेत्यास धर्मनिर्णय देण्याइतकी विद्या, न्याय, धैर्य व राजकीय जाण असावी असें म्हटलें. या गोष्टी मोजावयाच्या कशा, हें परीक्षकांवर सोडलें.

परीक्षक तरी कोण? तज्ज्ञमंडळाचे उमेदवार योग्य कीं अयोग्य हें १९९० पासून पालकमंडळ ठरवूं लागलें. पालकमंडळाच्या बारा सभासदांपैकीं सहा फकीह नेत्यानें नेमावयाचे, आणि बाकीच्या सहांचीं नांवें नेत्यानेंच नेमलेल्या न्यायखात्याच्या प्रमुखानें संसदेपुढें ठेवावयाचीं. अशा रीतीनें ज्यानें नेत्यास निवडावयाचें त्यास निवडण्याची चाळण नेत्याच्याच हातीं आली. २०१६ मध्यें खोमेनींचे नातू हसन खोमेनी यांची विद्वत्ता या चाळणींतून उतरली नाहीं. २०२४ मध्यें, दोनदां राष्ट्राध्यक्ष झालेले आणि अनेक वर्षें तज्ज्ञमंडळाचे सभासद असलेले हसन रूहानी हेही गळले.

मुंतझरी कुमला शिकवीत राहिले. सत्ताधाऱ्याच्या धर्मविषयक अधिकाराबद्दल १९९७ मध्यें जाहीरपणें शंका घेतल्यावरून त्यांस स्वतःच्या घरांत कोंडण्यांत आलें, तें २००३ पर्यंत. पुढें ते म्हणूं लागले कीं, फकीहाचें काम देखरेखीचें, आणि त्यासही लोकांनींच निवडलें पाहिजे. ज्यानें ती सत्ता घटनेंत आणली, त्याचेंच हें म्हणणें. १९ डिसेंबर २००९ रोजीं ते वारले. त्यांच्याजवळ कोणतेंही पद नव्हतें. प्रेतयात्रेस कोणी यावें अशी सरकारची इच्छा तर नव्हतीच. तरीही दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशींच्या त्या यात्रेला गांवोगांवहून लोक कुमला लोटले, आणि अरुंद रस्त्यांतून ती गर्दी हळूहळू पुढें सरकत राहिली.