यज्ञाचा वैद्य

माजी सैनिकांच्या दवाखान्यासाठी प्रभारी अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी पाहिजेत, अशा अर्थाची जाहिरात वर्षा-दोन वर्षांनी आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात, बहुधा लिलावाच्या नोटिशी आणि नाव बदलल्याची निवेदने यांच्या मधोमध, छापून येते; आणि आमचे मामा, जे १९७१ च्या लढाईत तोफखान्यात होते आणि वर्तमानपत्रातल्या इतर कोणत्याही मजकुरावर ज्यांचा आता फारसा विश्वास उरलेला नाही, ती कात्रीने कापून आपल्या कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात. ती कशासाठी ठेवता, असे एकदा विचारले तेव्हा म्हणाले, ''कोण येणार ते कळत नाही. कोणीतरी येणार एवढं तरी खिशात असू दे.''

या जाहिरातीमागची माजी सैनिकांची आरोग्य योजना लोक ईसीएचएस या आद्याक्षरांनीच ओळखतात. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. आज देशभर तिची सव्वाचारशेच्या वर पॉलिक्लिनिके आहेत. हुद्द्याप्रमाणे एकरकमी वर्गणी भरून सभासद झालेला सैनिक आपल्या कुटुंबासह तेथे जातो, तपासून घेतो, खिडकीवर औषध घेतो आणि दुखणे मोठे निघाले तर 'रेफरल' घेऊन पुढच्या रुग्णालयाची वाट धरतो. औषध खिडकीवर शिल्लक नसले की त्याला 'एनए' म्हणतात, आणि हा शब्द आमच्या घरी इतका रुळला आहे की, डब्यातली साखर संपली तरी मामी ''एनए झाली'' असेच सांगतात.

तेथील नेमणुका मुदतीच्या कराराने होतात आणि मुलाखती स्थानिक लष्करी मुख्यालयात घेतल्या जातात. प्रभारी अधिकारी हा डॉक्टरच असावा, असा नियम नाही; पदवी आणि रुग्णसेवेच्या संस्थेतला किंवा व्यवस्थापनाचा पाच वर्षांचा अनुभव एवढे असले म्हणजे पुरते, आणि म्हणून त्या खुर्चीवर बहुधा एखादे निवृत्त कर्नलसाहेब दिसतात. परंतु अधूनमधून निवृत्त सैनिकी डॉक्टरच त्या जागेसाठी दरखास्त करतात, आणि आमच्या दवाखान्यात एका वर्षी तसे घडले. त्या वेळी निवड मंडळावर बसलेल्या एका परिचितांनी मला मुलाखतीची हकीकत सांगितली. ''प्रमाणपत्रे पाहिली, वैद्यक परिषदेची नोंदणी पाहिली, वय पाहिले. मग विचारण्यासारखे काही सुचेना, म्हणून चहा मागवला.'' मात्र एक गोष्ट त्यांच्या मनाला खुपत होती. काही वर्षांपूर्वीच्या जाहिरातींत प्रभाऱ्याचा आणि रोगी तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा मोबदला सारखाच, म्हणजे दरमहा ७५,००० रुपये, मुकर्रर केलेला असे. जो दिवसभर नाड्या पाहतो त्याला जितके, तितकेच जो खुर्चीत बसून सह्या करतो त्याला. मग या दुसऱ्याने केले तरी काय, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल नवा नाही, आणि तो नेमक्या याच स्वरूपात ऐतरेय ब्राह्मणाने विचारलेला आहे, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे, संस्कृतच्या मास्तराकडे पाहतात तसे, दयार्द्र नजरेने पाहिले. यज्ञात होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू आहुतींची सारी उठाठेव करतो, उद्गाता सामे गातो, आणि चौथा ऋत्विज, ज्याला ब्रह्मा म्हणतात, तो वेदीच्या दक्षिणेला जवळजवळ सारा वेळ मौन धरून बसतो. तरीही दक्षिणेच्या वेळी त्याचा हात पुढे येतोच. तेव्हा इतरांनी कामाचा मोबदला घेतला हे रास्त, पण ह्याने कशाचा घेतला, असे विचारून ब्राह्मणकारच उत्तर देतो की, ब्रह्मा हा यज्ञाचा वैद्य आहे आणि यज्ञाला औषध करतो म्हणून तो दक्षिणा नेतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात हाच विचार अधिक खुलवून सांगितला आहे: ऋचेत चूक झाली, यजुष्यात झाली, सामात झाली, तर यज्ञाला जे व्यंग येते ते ब्रह्म्याने सांधायचे, आणि कसे, तर सोनाराने क्षाराने सोने सांधावे, सोन्याने रुपे, रुप्याने कथील, कथलाने शिसे, शिशाने लोखंड आणि लोखंडाने लाकूड सांधावे तसे. या उपमेत मला एक बारकी गोष्ट फार मोलाची वाटते: प्रत्येक सांध्याला निराळे द्रव्य लागते, आणि कोणत्या भंगाला काय चालेल हे जाणणारा माणूस स्वतः भाता फुंकत बसला तर त्याचे बाकीच्या भंगांकडे लक्षच जाणार नाही. म्हणून त्याचे मौन हा आळस नव्हे. ते त्याचे काम आहे, आणि ते त्याने अवेळी मोडले तर यज्ञ एका चाकाच्या रथासारखा लंगडतो, असे उपनिषद बजावते.

चरकानेही चिकित्सेचे वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चार पाद मानून त्यांत वैद्याला प्रधान ठरवले. मात्र ते तो निव्वळ जाणता आहे म्हणून नव्हे, तर जाणणारा, आज्ञा करणारा आणि योजना करणारा असा तिहेरी आहे म्हणून. माती, चाक, दांडा, दोरा सारे हजर असून कुंभार नसला तर मडके होत नाही, हा त्याचा दाखला आहे. तेव्हा दवाखान्याच्या प्रमुखपदी डॉक्टर असावा की कारभारी, या वादात चरकाला विचारले तर तो म्हणेल की, ज्याला तुम्ही दोन माणसांत वाटता आहात तो मूळचा एकच माणूस आहे. हे सुंदर खरे, पण ज्याने एखाद्या पॉलिक्लिनिकमधल्या औषधांच्या मागणीपत्रांचे दप्तर पाहिले आहे त्याला चरकाची थोडी काळजीच वाटेल.

इथपर्यंत मामला सोपा आहे. अवघड प्रश्न पुढचा: यजमान कोण?

मीमांसकांच्या मते ऋत्विज हे परिक्रीत, म्हणजे दक्षिणा देऊन घेतलेले असतात. श्रम त्यांचे आणि फळ यजमानाचे. मोबदला देऊन आपले कर्म दुसऱ्याच्या हातून घडवता येते, ही सवलत जैमिनींनी मान्य केली. पण तिला एक मर्यादा घातली की, यजमानाला स्वतःला मात्र प्रतिनिधी नाही. तांदूळ नसले तर त्यांच्या जवळचे दुसरे धान्य चालेल, परंतु त्याग ज्याचा आहे त्याने, हे माझे नव्हे, असे स्वतःच म्हणायला हवे. आता सैनिकाच्या शुश्रूषेचे ऋण समाजाने एका डॉक्टराला करारावर नेमून, त्याला दरमहा दक्षिणा देऊन फेडायचे ठरवले, तर तो डॉक्टर ऋत्विज झाला आणि आपण यजमान. पण यजमान मंडपात कोठे आहे? निवड मंडळाने चहा घेतला, करारनाम्यावर सही शिक्का झाला, आणि यजमान उठून घरी गेला.

यावर कोणी असेही म्हणेल की, मुळात ऋणच नाही. सैनिकाने पगार घेतला, पेन्शन घेतो, व्यवहार चुकता झाला. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही, कारण मीमांसेच्या तर्काने तो अगदी बिनतोड आहे: सैनिकही एक परिक्रीत ऋत्विजच होता, युद्ध हे त्याच्या हातून आपण करवलेले कर्म, शांतता हे त्याचे फळ, आणि ते फळ न्यायाने आपले. फक्त या तर्काला शेवटपर्यंत जाऊ दिले पाहिजे. फळ जर करवून घेणाऱ्याचे, तर पापही त्याचेच असणार. प्रजेच्या पुण्याप्रमाणे पापाचाही सहावा हिस्सा राजाच्या खाती मांडणाऱ्या स्मृतींना हे ठाऊक होते. परंतु मनूने जेव्हा प्रत्यक्ष रणातला हिशेब मांडला, तेव्हा पाठ दाखवून मारल्या गेलेल्या शिपायाच्या माथी धन्याचे सगळे दुष्कृत टाकले आणि त्याचे पुण्य धन्याकडे वळते केले. धन्याच्या सोयीचा इतका चोख हिशेब क्वचितच कोणी लिहिला असेल. आणि जो पळाला नाही, उभा राहिला, ज्याने हुकुमाप्रमाणे तोफ डागली आणि जिवंत परत आला, त्याने जे पाहिले ते कोणाच्या खाती घालायचे, याविषयी हे हिशेबनीस मूक आहेत.

महाभारत मूक नाही. जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभी राज्य नको म्हणून बसतो, आणि त्याची समजूत काढायला भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण आणि शेवटी शरपंजरी भीष्म एवढे सगळे लागतात. अमेरिकेत बोस्टनच्या माजी सैनिकांच्या बाह्यरुग्ण चिकित्सालयात व्हिएतनामहून परतलेल्यांवर उपचार करणारे मनोचिकित्सक जोनाथन शे यांनी १९९४ साली होमरच्या अकिलीसला त्या शिपायांशेजारी बसवून एक ग्रंथ लिहिला, आणि जी जखम भीतीने नव्हे तर न्यायबुद्धीच्या भंगाने होते तिच्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. त्यांना शांतिपर्व वाचायला मिळायला हवे होते, असे मला राहून राहून वाटते. कारण तेथे त्या जखमेवर औषध सांगण्यापेक्षा तिच्यापाशी बसण्याला किती माणसे लागतात, याची मोजदादच आहे.

आपल्याकडे यजमान मंडपात बसल्याचा एक दाखला सभासदाच्या बखरीत आहे. १६५९ साली अफझलखानाचा पाडाव झाल्यावर महाराजांनी लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले, आणि जखमींना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन माणशी, जखम पाहून, दिले. रकमा पुष्कळ राजांनी दिल्या असतील. मी अडतो तो 'जखम पाहून' या दोन शब्दांपाशी. देण्याआधी कोणीतरी पट्टी सोडून पाहिली होती.

त्या निवृत्त डॉक्टरसाहेबांची नेमणूक झाली त्या वर्षी मी मामांना घेऊन तीन-चार वेळा दवाखान्यात गेलो. साहेब स्वतः फारसे रोगी तपासत नसत. सकाळी खिडकीपाशी उभे राहत, रांगेतल्या चिठ्ठ्या पाहत आणि कोणाची कोणती औषधे 'एनए' झाली ते एका लांबट वहीत टिपून घेत. एकदा मामांना आत बोलावले. टेबलापलीकडून दोन वाक्ये बोलून पाहिली. मामांनी दोन्हींना ''हो साहेब'' म्हटले, आणि दुसऱ्या वाक्याचे उत्तर 'नाही' असायला हवे होते. साहेब उठले, स्टूल ओढून मामांच्या डाव्या बाजूला आणले, कानाशी बसले आणि विचारले, ''आबा, तोफ उजव्या अंगाला होती ना?'' गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे आम्ही घरचे लोक मामांच्या समोर बसून मोठ्याने बोलत आलो होतो. मामा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, जी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती आणि जी येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. साहेबांनी तीवर कसलेही भाष्य केले नाही, वहीही उघडली नाही, फक्त बाहेरच्या शिपायाला खूण करून दार लोटून घ्यायला सांगितले. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो. उठून बाहेर जावे की बसावे, हे मला ठरवता येईना, आणि मी बसून राहिलो.

करार संपला तसे साहेब गेले. वयाची अट आड आली, असे कोणी म्हणाले. परवा पुन्हा जाहिरात आली. मामांनी कात्रण कापून पाकिटात घातले, आणि मी समोरच्या खुर्चीवरून उठून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसलो, तेव्हा म्हणाले, ''तुझे ते ओळखीचे मुलाखतीला बसतात ना, त्यांना एक सांग. माझ्या कागदावर कानाचं लिहून ठेवा म्हणावं. नवीन येईल त्याला कुठून ठाऊक?''