पंचांचा निकाल आणि प्रेक्षकांचा न्याय

सातारा-सांगलीकडील जत्रांत कुस्ती पांच-दहा मिनिटांत संपते. तिची चर्चा मात्र वर्षानुवर्षें चालते. यंदा कोणाची जोड कोणाशीं लागावी, महाराष्ट्र-केसरीच्या माती विभागांतून कोण वर येईल आणि गादी विभागांतून कोण, याविषयींचे तर्क स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीं पारावर रंगूं लागतात. पुढच्या जोडीचा विचार करतांना मागच्या जोडी आठवणें ओघानेंच येतें. कवठे पिराणच्या मारुती माने यांनीं १९६२ सालीं जाकार्ता येथें मिळविलेलें सुवर्णपदक, २०२२ सालीं साताऱ्यास झालेली पृथ्वीराज पाटील व विशाल बनकर यांची अंतिम कुस्ती, २०२३ सालीं सांगलीस महिलांच्या पहिल्या महाराष्ट्र-केसरी स्पर्धेंत प्रतीक्षा बागडी हिनें पटकावलेली गदा, हे सारे विषय एका बैठकींत येऊन जातात. सुशिक्षित मनुष्य यास रिकामपणाचा उद्योग म्हणतो. मला तसें वाटत नाहीं. या गप्पांच्या तळाशीं एक नैतिक प्रश्न आहे. निकाल लागल्यावर प्रेक्षकानें त्याहून वेगळें मत राखावें काय, आणि राखलेंच तर त्याचा भार कोणावर टाकावा?

जुन्या निकाली कुस्तींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. हलगीच्या कडकडाटांत एकाच्या पाठीस माती लागली, कीं ती हजारों डोळ्यांना एकदमच दिसे. पंच केवळ सर्वांनीं पाहिलेलें बोलून दाखवी. गुणांवरील कुस्तीचें तसें नाहीं. खांदा किती वळला, पाय रेषेबाहेर केव्हां गेला, हें निमिषार्धांत ठरवावें लागतें आणि तें ठरविण्याचा अधिकार मोजक्या माणसांच्या हातीं असतो. २०२३ च्या जानेवारींत पुण्यास माती विभागाच्या अंतिम कुस्तींत महेंद्र गायकवाड यानें सिकंदर शेख यास बाहेरच्या टांगेनें टाकलें. पंचांनीं त्यास चार गुण दिले. ते इतके देणें योग्य नव्हतें, असा आक्षेप उठला. मग गांवोगांव लोकांनीं तो डाव चित्रफितींत पुनःपुन्हां पाहिला आणि प्रत्येक पाहणारा आपापल्या परीनें पंच झाला.

येथें दोन टोकाचीं मतें ऐकूं येतात. पंच म्हणतील तेंच खरें, असें एक पक्ष म्हणतो. आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें तेंच खरें, असें दुसरा. माझ्या मतें दोघेही निकाल आणि सत्य या दोन भिन्न वस्तूंची गल्लत करतात. निकाल अंतिम असावा लागतो, कारण त्यावांचून स्पर्धाच संभवत नाहीं. परंतु जें अंतिम तें निर्दोष, असें मुळींच नाहीं. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानूनही त्याविषयीं साशंक राहण्याची मुभा नागरिकास असते. तीच प्रेक्षकास असावी.

या मुभेचा उपयोग किती चांगला होऊं शकतो, याचें उदाहरण कराडजवळील गोळेश्वर या गांवीं आहे. खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशी याच्याशीं झालेल्या दीर्घ झुंजीनंतर नियमाप्रमाणें विश्रांति न मिळतां त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकॉव्ह याच्यासमोर उभें राहावें लागलें, आणि त्यांच्या वतीनें हरकत घेण्यास तेथें कोणीही भारतीय अधिकारी नव्हता, असें सांगितलें जातें. सरकारी सन्मान त्यांच्या वांट्यास उशिरां आला. १९८४ सालीं ते अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दरम्यानच्या काळांत त्यांचें नांव राखलें तें या भागांतील सामान्य कुस्तीशौकिनांनीं. पदक बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता, परंतु मान देण्याचा होता, आणि तो त्यांनीं बजावला.

मात्र हाच प्रेक्षक दुसऱ्या हातानें अन्यायही करतो. हरलेल्याची कड घेतां घेतां तो जिंकलेल्यास चोर ठरवितो. मामेदबेकॉव्ह यानें कार्यक्रम आंखला नव्हता. त्याला बोलावलें तेव्हां तो लढला. महेंद्र गायकवाड यानें स्वतःस चार गुण दिले नव्हते. त्यानें डाव टाकला, गुण दुसऱ्यांनीं मोजले. चूक झाली असेल तर ती मोजणाराची; तिचें ऋण लढणाराच्या खात्यावर मांडणें हा दुसरा अन्याय होय. महाभारतांतील गदायुद्धांत भीमानें नाभीखालीं प्रहार केला, तेव्हां बलराम खवळला. तेथें नियम मोडणारा स्वतः लढणारा होता, म्हणून त्याचा रोष योग्य जागीं होता. आपला रोष पुष्कळदां जागा चुकतो.

रोष अनावर झाला म्हणजे काय होतें, तें २०२५ सालीं अहिल्यानगर येथें दिसलें. पंचांनीं शिवराज राक्षे यास चितपट ठरविलें. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असें त्याचें म्हणणें होतें. तें म्हणणें खरें होतें कीं खोटें, हा प्रश्न त्यानें पंचास लाथ मारतांच मागें पडला. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली आणि लोक लाथेविषयीं बोलूं लागले, खांद्यांविषयीं नव्हे. ज्या प्रेक्षकांपुढें त्याला दाद मागतां आली असती, त्यांचेंच लक्ष त्यानें आपल्या तक्रारीवरून उडविलें.

तेव्हां पारावरच्या या गप्पा बंद व्हाव्या, असें मी म्हणणार नाहीं. त्या चालाव्या, मात्र तेथें बसणारानें आपणही एका न्यायासनावर बसलों आहों, याचें भान ठेवावें. या आसनास दंड करण्याची सत्ता नाहीं. मान देणें किंवा न देणें, एवढेंच त्याच्या हातीं आहे. आणि मान ही गदेसारखी वस्तु नव्हे, कीं एकास दिली म्हणजे दुसऱ्यास उरूं नये. हरलेल्याविषयींची हळहळ मनांत ठेवूनही जिंकलेल्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारतां येते. पुढच्या जत्रेंत जोड लागेल, निकाल लागेल, वादही होतील. त्या वेळीं आवडत्या मल्लाविरुद्ध निर्णय गेलेला मनुष्य ही थाप मारूं शकतो कीं नाहीं, यावरून त्याचें कुस्तीवरील प्रेम ओळखावें.