सांधा दिसू द्यावा

एखादी वस्तू मोडली, तिचे तुकडे झाले आणि ते जुळवून आपण ती पुन्हा उभी केली, तर उभी राहिलेली वस्तू तीच असते की दुसरी? प्रश्न ऐकायला फुरसतीतल्या पंडितांचा वाटतो. पण हातच्या कामावर ज्याची रोजी आहे आणि ज्याला ईमानही राखायचे आहे, त्याच्यापुढे तो रोज उभा राहतो. जुनी भिंत सावरणारा गवंडी, किताबाची शिवण बदलणारा जिल्दसाज, गॅरेजमधला मिस्त्री, कुणीच यातून सुटलेला नाही. या प्रश्नाचा विचार जुन्या इटालियन मोटारसायकलच्या आधाराने करावा असे वाटते. कारण मोडलेले पुन्हा कसे उभारावे, यावर इटलीइतका खोल विचार फार थोड्या देशांनी केला आहे.

उत्तर इटलीत कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ नावाचे गाव आहे. कार्लो गुत्सी आणि जॉर्जो पारोदी या दोघांनी १९२१ साली ‘मोटो गुत्सी’ ही कंपनी सुरू केली आणि तिच्या गाड्या या गावात बनू लागल्या. कंपनीचे चिन्ह पंख पसरलेला गरुड आहे. जोव्हान्नी राव्हेल्ली हा वैमानिक त्यांचा तिसरा मित्र. १९१९ मध्ये तो विमान अपघातात गेला, त्याची ती आठवण. याच कारखान्याने १९५० मध्ये ‘फाल्कोने’, म्हणजे ससाणा, ही गाडी काढली. पाचशे सीसीचे एकच सिलिंडर, तेही उभे नव्हे, आडवे. सिलिंडरचा व्यास ८८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. १९२१ च्या पहिल्या गाडीचे हेच माप होते. जड फ्लायव्हील इंजिनाच्या बाहेर, उघड्यावर फिरणारे. इटलीच्या पोलिसांनी आणि लष्करानेही ही गाडी वापरली.

आता समजा, कुणी अशी फाल्कोने खोक्यांमध्ये भरलेली विकत घेतली. इमोलाच्या शर्यतीच्या मैदानावर किंवा मिलानजवळच्या नोव्हेग्रोला जुन्या गाड्यांचे आणि सुट्या भागांचे बाजार भरतात. तिथे असे सौदे होतात. एका खोक्यात सांगाडा, दुसऱ्यात इंजिनाचे कवच, तिसऱ्यात देल्लोर्तोचा कार्ब्युरेटर आणि मारेल्लीचा मॅग्नेटो. डब्यात नटबोल्ट, त्यांतले निम्मे दुसऱ्याच गाडीचे. टाकी आतून गंजलेली. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसलेला. चाकाच्या रिमा खाल्लेल्या.

काम सुरू झाले की एकेक निर्णय घ्यावा लागतो. सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचा, म्हणजे झिजलेली धातू काढून टाकायची आणि मोठ्या मापाचा नवा पिस्टन बसवायचा. बेअरिंग नवे, स्पोक नवे, वायरिंग नवे. मडगार्ड मिळत नाही, म्हणून पत्रा ठोकून तसाच बनवायचा. वर्षभराने गाडी सुरू होते, तेव्हा तिच्यातला जुना भाग किती उरला, हे मालकालाही सांगता येत नाही. ही फाल्कोने १९५० च्या दशकातली म्हणायची की आजची?

ग्रीकांनी हाच प्रश्न थेसियसच्या जहाजावरून विचारला होता. सडलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज जुळवले, तर खरे कोणते? आपल्याकडे अशअरी पंथाच्या मुतकल्लिमांनी याहून पुढचे म्हटले. वस्तूचे गुण दोन क्षणही टिकत नाहीत, अल्लाह प्रत्येक क्षणी ते नव्याने निर्माण करतो, असे त्यांचे मत होते. म्हणजे ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही, तीसुद्धा कालची राहिलेली नसते!

पण मिस्त्रीला असल्या वादात अडकून चालत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक खरा आहे. गाडी तीच आहे का, यापेक्षा तिच्याविषयी आपण जे सांगतो ते खरे आहे का, हे त्याला पाहायचे असते. भाग बदलल्याने गाडी खोटी होत नाही. बदल लपवल्याने ती खोटी होते.

उर्दू शिकवताना ‘दुरुस्त’ हा शब्द रोज भेटतो. मुलाने बरोबर उत्तर दिले की आपण ‘दुरुस्त’ म्हणतो. मराठीने तोच फारसी शब्द घेतला आणि मोडके नीट करण्याला ‘दुरुस्ती’ म्हटले. नीट करणे आणि बरोबर असणे ही दोन कामे एकाच शब्दात आली. जी मरम्मत खरेपणाला धरून नाही, ती दुरुस्ती कशी म्हणावी?

इथेच मोह असतो. जुन्या गाडीची किंमत तिच्या सांगाड्यावरच्या आणि इंजिनावरच्या क्रमांकांवर आणि तिच्या नोंदणीच्या पुस्तिकेवर ठरते. दोन्ही भाग कारखान्यातून एकत्र निघालेले असले तर भाव चढतो. जुन्या गाड्यांना प्रमाणपत्र देणारी ‘आसी’ ही इटालियन संस्था १९६६ पासून आहे. तिचे तपासनीस हे सगळे पाहतात. खोक्यातल्या गाडीत मात्र सांगाडा एकीचा आणि इंजिन दुसरीचे असू शकते. जुना आकडा घासून नवा ठोकायला फार वेळ लागत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे. पण कायद्याच्या कक्षेत न येणारी लपवाछपवी त्याहून कितीतरी जास्त असते. चिमट्याला तडा गेलेला, त्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर पुट्टी, पुट्टीवर झगझगीत लाल रंग. घेणारा रंगावर हात फिरवतो आणि पैसे मोजतो.

इमाम गजाली यांनी ‘इह्या’मध्ये व्यापाराच्या प्रकरणात हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची एक हकिकत दिली आहे. एका माणसाने तीनशे दिरहमला उंटीण विकली. वासिलांचे त्या वेळी लक्ष नव्हते. ध्यानात आल्यावर ते घेणाऱ्याच्या मागे धावले आणि विचारले, हे जनावर मांसासाठी घेतलेस की सवारीसाठी? तो म्हणाला, सवारीसाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की हिच्या खुराला छिद्र आहे, लांबच्या वाटेला ही टिकणार नाही. घेणारा परतला आणि विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. सौदा बिघडवल्याची त्याने तक्रार केली. त्यावर वासिलांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दिलेल्या वचनाची आठवण सांगितली. ऐब सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहेच. ज्याला तो माहीत आहे, त्याच्यावरही आहे.

या हकिकतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो प्रश्न: मांसासाठी की सवारीसाठी? दिवाणखान्यात उभी करायच्या फाल्कोनेचा तडा आणि रस्त्यावर धावणाऱ्या फाल्कोनेचा तडा यांची किंमत एक नाही. दुसऱ्या तड्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. दुसरी गोष्ट, वासिला विकणारे नव्हते, दलालही नव्हते. त्यांना फक्त माहीत होते. गाडी मालकाची, सौदा मालकाचा, मी तर हुकमाचा ताबेदार, असे म्हणून सुटणाऱ्या मिस्त्रीला ही हकिकत सुटू देत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे किताबात ठीक आहे. गिऱ्हाइकालाच चकाकी हवी असते. खरे बोलणाऱ्याची गाडी पडून राहते आणि शेजारचा पुट्टी लावून विकतो. ही तक्रार खोटी नाही. इटालियन दुचाकींचा आपला संबंधही जुना आहे. लँब्रेटा मुंबईत बनत असे आणि बजाजने १९६० च्या सुमारास परवान्याखाली व्हेस्पा काढली. त्या जुन्या स्कूटरी सावरून पोट भरणारी गॅरेजवाली पोरे आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. त्यांना नुसता उपदेश करून उपयोग नाही. जिथे खरे बोलल्याची किंमत गरिबाने एकट्याने मोजायची असते, तिथे दोष घेणाऱ्याचाही असतो. त्याने सांधा पाहायला शिकले पाहिजे आणि सांधा दाखवणाऱ्याला पैसे कमी देता कामा नयेत.

शिवाय तोंडाने सांगितलेले खरे एका सौद्यापुरते टिकते. गाडी तिसऱ्या हाती जाते, तेव्हा सांगणारा नसतो. यावर इटलीने काढलेली वाट मोलाची आहे. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात व्हितेर्बोच्या एका चर्चमधली पंधराव्या शतकातली भित्तिचित्रे फुटून त्यांचे हजारो तुकडे झाले. रोमच्या केंद्रीय संस्थेच्या कारागिरांनी ते जुळवले. मधल्या रिकाम्या जागा त्यांनी जलरंगाच्या बारीक उभ्या रेघांनी भरल्या. दुरून चित्र अखंड दिसते. जवळ गेले की जुने कोणते, नवे कोणते, हे साध्या डोळ्यांना कळते. संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात हाच नियम मांडला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने आणखी एक मर्यादा घातली: पुरावा संपून अंदाज सुरू झाला की हात थांबवावा. जुन्या वाहनांसाठी २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेनेही नव्या भागांवर ओळखीची खूण ठेवावी आणि केलेल्या कामाची नोंद करावी असे सांगितले आहे. म्हणजे सत्य फक्त जिभेवर ठेवायचे नाही, वस्तूच्या अंगावर ठेवायचे.

हा विचार यंत्रापाशी थांबत नाही. आपण मराठी मुसलमानही अनेक भागांचे जुळलेले आहोत. कुणाच्या घरात दखनी, कुणाच्या घरात कोकणी, बाजारात मराठी, नमाजेत अरबी. बाहेरचा विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? आतला सांगतो, ही सगळी भर खरवडून काढा, खाली मूळ रंग दिसेल. तो मूळ रंग दोघांनीही पाहिलेला नसतो. जिथे अंदाज सुरू होतो तिथेच त्यांचे काम सुरू होते. इस्लाह हवीच, पण गंज आणि रंग यांतला फरक ओळखून. हुंडा हा गंज आहे, तो काढलाच पाहिजे. आपल्या आजी-नानींनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या हा गंज नव्हे. तो या मातीत लागलेला रंग आहे आणि तो खरा आहे. आपले सांधे दिसतात, म्हणून आपण खोटे ठरत नाही.

फाल्कोने पुन्हा उभी करणाऱ्याने इतकेच करावे. कोणता भाग जुना, कोणता नवा, तडा कुठे होता, तो कसा भरला, हे एका वहीत लिहावे. गाडी विकताना किल्लीबरोबर ती वहीही घेणाऱ्याच्या हातात द्यावी.